सोमाभाऊचं बंद दार

आधी रहमतबीचं नाव लिहितो. चांद्याला भाड्याच्या खोल्यांत आम्ही गावाकडची सात-आठ माणसं राहत होतो, पण दार वाजवलं ते रोज आमच्या दारांवरून जाणाऱ्या या बांगड्यावालीनं. गेल्या महिन्यात सोमाभाऊ गेला, त्याबद्दल हे सांगतो आहे.

चौथीतून शाळा सुटली आणि मी आरागिरणीत आलो. सोमाभाऊ गडचिरोलीपलीकडच्या जंगलातला, माझ्या आधी आलेला. ओंडका आला की सालीवर हात फिरवून म्हणायचा, "हा आमच्याकडचा साग हाय." पुढं पुढं नुसता हात फिरवायचा, बोलायचा नाही. डबा तसाच परत न्यायचा. "भाऊले बायको आठवून राह्यली," असं म्हणून आम्ही हसायचो. एकदा मला म्हणाला, "इथी एवढी मानसं हायेत, पन कुठी चाल्ला, असं कोनी इचारत नाई." आमच्या गावांत वाटेवरचा प्रत्येक माणूस तेवढं विचारतोच. मी म्हणालो, सवय होईल... काय बोललो मी!

मग त्याचं दार बंद दिसलं. आमच्याकडं दिवसा दार लोटलेलं असलं म्हणजे माणूस बाहेरगावी. दार वाजवायचं नसतं, परत फिरायचं. तीन दिवस आम्ही परत फिरलो. भाऊ गावाला गेला म्हणून मला तर हेवाच वाटला.

रहमतबी शहरातच वाढलेली. टोपली उतरवून तिनं विचारलं, "गावाले गेला त चपला इथी काऊन?" आणि दारावर थाप मारली. "सोमा, खोल. मी जात नाई."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. अंग तापानं फणफणलेलं, ओठ सुकलेले. "भाऊ, आवाज काऊन नाई देल्ला?" मी विचारलं.

"कोनाले देऊ?"

आम्ही त्याला दवाखान्यात नेलं, तिथं चौथ्या दिवशी तो वारला. तापानं, असं डॉक्टर म्हणाले. असेल. पण ताप तर शेवटी आला...

नंतर माझेही पाय कामावर जाईनात. दिवसा दार लोटून पडून राहू लागलो. तेव्हापासून रहमतबी रोज सकाळी थाप मारते. "कुठी चाल्ला रे?" उत्तर दिल्याशिवाय हलत नाही. कामावर, म्हणतो, आणि मग जावंच लागतं.

मोहफुलं पडताना जंगल दाखवीन, असं सोमाभाऊनं तिला कबूल केलं होतं. "फुलं दाखवशीन का वाघ?" असं ती त्याला चिडवायची. चैतात मी तिला त्याच्या गावी नेणार आहे. वाटेवरचा एकेक माणूस तिला विचारील, "कुठी चालली, बाई?"