सहा सेकंदांचा चोर

"थांबव. आला चोर."

पडद्यावर बोट ठेवून काका हे म्हणायचे, तेव्हा सिनेमातल्या त्या माणसाने अजून काहीच केलेलं नसायचं. बिचारा बाजारात कलिंगडं विकत उभा. पण केस काळे, मिशी दाट, म्हणजे रशियाच्या दक्षिणेकडचा. तासाभराने चोरीचा माल त्याच्याच कलिंगडांखाली सापडायचा आणि पकडणारा इन्स्पेक्टर हटकून गोरापान असायचा.

काका आमच्या कंपनीत एसीचे फोरमन, मूळचे दापोलीकडचे. सोव्हिएत राजवटीच्या शेवटच्या वर्षांत ते शिष्यवृत्तीवर ओडेसाला शिकले होते. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या आखातातल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी सनद वस्तीतल्या त्यांच्या खोलीत लॅपटॉपवर त्या काळातले रशियन गुन्हेपट लागायचे. रशियन फक्त त्यांनाच येई, त्यामुळे सगळी पात्रं आम्हाला कोकणी हेलात ऐकू यायची.

"उझबेक पोलीसही असतो हां कधीकधी," ते म्हणत. "त्याला दोन वाक्यं. 'होय साहेब' आणि 'गाडी काढतो'."

एकदा त्यांनी बोट जरा जास्तच वेळ ठेवलं. बंदरावर एक काळासावळा, काटकुळा पोरगा कोणाला तरी पुडकं देत होता.

"हा मी. सहा सेकंद."

शूटिंगला परदेशी विद्यार्थी हवे होते. यांनी पोलिसाचं काम मागितलं, तर तिथला माणूस म्हणाला, बघणाऱ्याला पटलं पाहिजे. "आईला पत्रात लिहिलं, पोलीस झालो म्हणून. अजून गावभर सांगते ती."

पुढे आमच्या मंडळाने गणपतीत रहस्यनाटक बसवायचं ठरवलं. दिग्दर्शक मी. पहिल्या वाचनालाच काका इन्स्पेक्टरची भूमिका तोंडपाठ करून आले. "आईला व्हिडिओ पाठवायचाय रे. तिचे डोळे शाबूत आहेत तोवर."

आणि मी काय केलं? इन्स्पेक्टर दिला सीफ भागातल्या बँकेतल्या एका पुणेकराला. उंच, गोरा, तालमीला कधी वेळेवर न येणारा. काकांना म्हणालो, "तुम्ही चोर करा. प्रेक्षकांना पटलं पाहिजे हो."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खलास," एवढंच म्हणाले आणि चोराची पानं घेऊन गेले. शुक्रवारामागून शुक्रवार ते सिनेमे पाहूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

प्रयोगात व्हायचं तेच झालं. बेड्या घालताना इन्स्पेक्टर वाक्य विसरला. काकांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या अटकेचं वाक्य त्याला हळूच सांगितलं. टाळ्या इन्स्पेक्टरला पडल्या.

त्याच वर्षी काकांचा व्हिसा संपला. विमानतळावर मी व्हिडिओ पाठवू का विचारलं. "नको रे," ते म्हणाले. "म्हातारीला कशाला." पुढच्या पावसाळ्यात ती गेली आणि वर्षाच्या आत काकाही गेले. माफी मागायची माझी राहूनच गेली.

यंदा मंडळ पुन्हा तेच नाटक करणार आहे, म्हणून काल व्हिडिओ काढला. त्या दिवशी विंगेतून मला काकांनी सांगितलेलं एकच वाक्य कळलं होतं. काल त्यांचा चेहरा समोरून पाहिला. इन्स्पेक्टर रंगमंचावर आल्यापासून पडदा पडेपर्यंत, त्याच्या प्रत्येक वाक्याला कोपऱ्यात उभ्या चोराचे ओठ हलत होते.