अक्कांनी पुसलेला आवाज

आमच्या अक्का रेकॉर्डिंगमधलं काही म्हणून पुसू द्यायच्या नाहीत. गाताना कुणी खोकलं, मध्येच बाहेर रिक्षा फटफटली, तरी ती फाईल तशीच ठेवायची. "र्‍हाऊ दे. मानूस खोकलाय, म्हंजे हुता की तितं," म्हणायच्या. पुसायच्या तो फक्त स्वतःचा आवाज. माइक तपासताना "च्या झाला का?" एवढं बोलायच्या आणि लगेच काढून टाकायच्या.

कोल्हापुरात आमचा छोटा स्टुडिओ होता. लोकांच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून द्यायच्या, हे काम. संगणक विंडोजऐवजी लिनक्स या प्रणालीवर चालायचा आणि तो अक्कांच्या ताब्यात. बाई गडहिंग्लजच्या, अंगाने किरकोळ, आवाज मात्र सगळ्या गल्लीला पुरेल असा. मी रेकॉर्डिंग बघायचो आणि त्यांची बोलणी खायचो.

एकदा दसऱ्यानंतर जोतिबाच्या डोंगरावरून एक नारळवाले आले. त्यांच्या कॅसेटमध्ये वारलेल्या बायकोच्या ओव्या होत्या. फीत इतकी जीर्ण, की वाजली तर एकदाच वाजेल. मी सगळं जोडलं, तर संगणक म्हणतो, डिस्कवर जागाच नाही. स्टुडिओचे मालक वैतागले. "जुनं पुसा की. पावणं खोळंबल्यात."

"जुनी बी कुनाची तरी बायकूच हाय," अक्का म्हणाल्या. विषय संपला.

त्यांनी संगणकातल्या सगळ्या फोल्डरांची बेरीज केली, तर त्याची डिस्क निम्मीही भरत नव्हती. नारळवाले कॅसेट मुठीत धरून बसलेले. मला त्यांच्याकडे बघवेना. अक्कांची नजर बाहेरून जोडलेल्या डिस्कवर गेली. सगळ्या रेकॉर्डिंगची रोजची नक्कल, म्हणजे बॅकअप, आपोआप तिच्यावर जायची. तिच्यावर अजून हळदीचं बोट होतं.

"चूक माजी हाय," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीला हिला पूजेत मीच ठिवलती."

झालं होतं ते असं. डिस्क झेंडूच्या फुलांत बसली असताना नक्कल ठरल्या वेळी निघाली आणि डिस्क जोडली की ती ज्या फोल्डरात दिसायची, त्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे संगणकाच्याच पोटात जाऊन पडली. नंतर डिस्क पुन्हा जोडली, तेव्हा तो सगळा ढीग तिच्याखाली झाकला गेला; जागा खायचा, पण बेरजेत दिसायचा नाही. अक्कांनी डिस्क सोडवली, खालचं उघडं केलं, मग डिस्क दुसऱ्या जागी जोडून तो ढीग तिच्यावर हलवला. पुसला तेव्हाही नाही.

कॅसेट वाजली. शेवटच्या ओवीला फीत तुटली, पण तोवर बाईचा आवाज उतरला होता. अक्कांनी हेडफोन नारळवाल्यांच्या कानांवर ठेवला. "ऐका. हितंच हाईत त्या."

पुढे अक्का आजारी पडल्या आणि वर्षभरात गेल्या. मला फार जड गेलं, अजून जातं. एका दुपारी त्यांचा आवाज शोधायला बसलो. एकूण एक फोल्डर उघडला, डिस्क सोडवून खालीही बघितलं. रिक्षा सापडल्या, अनोळखी माणसांचे खोकले सापडले. अक्कांनी स्वतःला पुसलं होतं, ते मात्र नीट पुसलं होतं.