पट्ट्याला दिलेला आशीर्वाद

आमच्या गोदामात उरकियाला नुसत्या नावाने हाक मारायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांची ती आपाय, म्हणजे थोरली. मॅनेजर मेदेतसुद्धा तिला आपाय म्हणायचा, आणि हा मेदेत म्हणजे सख्ख्या बापालाही फोनवर ताटकळत ठेवणारा प्राणी. अल्माटी शहराच्या वेशीवर, ट्रकच्या रस्त्याला लागून आमचं ते पत्र्याचं गोदाम. देशभरची पार्सलं तिथे उतरायची आणि आम्ही बायका ती हाताने गावोगावच्या ट्रॉल्यांत टाकायचो. तेलविहिरींवर कामाला गेलेल्या लेकांना आया घोड्याच्या मांसाचं सॉसेज आणि वाळवलेल्या दह्याचे गोळे पाठवतात. असं पार्सल कुणी भिरकावलं की आपाय डाफरायची, "अगं ए! आईच्या हातचं आहे ते, तुझ्या नवऱ्याचे बूट नाहीत!"

तिच्यापाशी तसं काही नव्हतं. नवरा कधीच गेला, मुलगा अबोल, सून जेवायला वाढायची ती भांडी आपटत. पण तिचा आशीर्वाद लागतो, असं अख्ख्या वस्तीत म्हणत. लग्न असो, लांबचा प्रवास असो, आधी आपायला बोलावणं जायचं. दारासमोरच्या मानाच्या जागी ती बसायची, दोन्ही तळहात उताणे धरायची आणि बोलायला लागायची. समोरचेही तळहात पसरून बसायचे. तिचं बोलून झालं की सगळे तोंडावरून हात फिरवून आमीन म्हणायचे. तेवढ्या वेळापुरती ती कुणाची नको झालेली सासू नसायची.

मग यंत्र आलं. लांबलचक फिरता पट्टा, मधे दिव्यांची कमान. पार्सल कमानीखालून गेलं की यंत्र लेबल वाचणार आणि त्या त्या गावच्या घसरगुंडीत ढकलून देणार. उद्घाटनाला शहरातून साहेबलोक आले. मेंढी कापली, चॉकलेटं उधळली. आमच्याकडे कुठलंही नवं काम थोरांच्या आशीर्वादाशिवाय सुरू होत नाही. गोदामातला एकुलता एक म्हातारा म्हणजे रखवालदार गेन्नादी. तो रशियन, शिवाय सकाळीच झिंगलेला. मेदेत म्हणाला, "आपाय, आता तुम्हीच द्या."

आपायने डोक्याचा रुमाल सारखा केला, तळहात पसरले. "तुझं बळ वाढो. थकवा तुला ठाऊक नसो, आजार ठाऊक नसो. तुझ्यापुढचं काम कधी संपू नये. एकाचे दोन व्हावेत, दोनाचे दहा!" मेदेत मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. आम्ही आमीन म्हटलं. मीही म्हटलं, चांगलं मोठ्याने. मला वाटलं, चला, आता खांद्यांना आराम.

आराम कसला! ट्रॉली भरायची तेव्हा हात आमचे होते, मनाला येईल तशी भरायचो, मधेच गप्पा, मधेच चहा. आता ट्रकमधून पार्सल उचला, लेबल वर करा, पट्ट्यावर ठेवा. परत तेच. डोक्याच्या वर प्रत्येकीच्या नावाची दिव्याची पाटी, मागे पडलं की लाल. लघवीला जाऊन आलं तरी लाल. बोलायची सोय नाही, कारण पट्ट्याच्या घरघरीत शेजारणीचं ऐकूच येत नाही. पूर्वी मला निदान कळायचं तरी, की हे तराझला चाललंय, हे चिमकेंतला. आता मान वर करायला फुरसत नाही. घरी गेले तरी डोळ्यांपुढून पार्सलं सरकत राहायची, आणि मी पोरीवर विनाकारण खेकसायची. लवकरच रात्रपाळीच्या बायकांना घरी बसवलं. दोन पाळ्यांचं काम आता एकाच पाळीत निघत होतं ना.

आधी सगळी चेष्टाच होती. "आपाय, जरा हात राखून द्यायचास की!" पण साकिपजमाल तिखट जिभेची. तिच्या बहिणीची रात्रपाळी गेली होती. चहाच्या वेळी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "थकू नको म्हणालीस, थकत नाही बघ. काम संपू नये म्हणालीस, संपत नाही. आमच्यासाठी कधी एवढं मागितलं होतंस का गं?"

आपायने हातातला चहाचा वाडगा न पिताच खाली ठेवला. त्या दिवसापासून तिच्या शेजारी चहाला बसायला बायका टाळू लागल्या. मी बसायची. मला ती म्हणाली, "गौहर, मी काय वाईट इच्छेनं दिला का? घोड्याला देतात, नव्या गाडीला देतात, तसाच दिला."

"सोड गं. लोखंडाला कुठे आशीर्वाद लागतो?"

"लागला ना."

वसंताच्या सणानंतर आणखी बायका कमी होणार अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा साकिपजमाल तिघीचौघींना घेऊन आपायकडे आली. या वेळी आवाज मऊ होता. "तूच दिलास, तूच उलटव. दुसऱ्या कुणाचं चालणार नाही."

उलटा आशीर्वाद म्हणजे तळहात जमिनीकडे करून दिलेला शाप. आमच्यात त्याचं नावही कुणी सहज काढत नाही. आपायच्या वडिलांनी एकदा दिला होता, पोटच्या पोराला. पोराचं काय व्हायचं ते झालंच, पण म्हाताऱ्याला त्यानंतर मरेपर्यंत एकाही घराने मानाच्या जागी बसवलं नाही. शाप दिलेल्या तोंडातून कोण आपल्या लेकरासाठी शब्द मागणार? हे आपायने डोळ्यांनी पाहिलेलं.

आणि तिची नोकरी पक्की होती. मेदेतने तिला सांगितलं होतं, "तुम्ही निर्धास्त राहा. साहेबांना तुमचा व्हिडिओ फार आवडतो." मी तिला हात जोडून म्हटलं, "आपाय, तू यात पडू नकोस. या बायका उद्या तुलाच नावं ठेवतील."

"त्यांची घरं आहेत गं," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं ती बुडाली, असं मला नाही सहन होत."

दुपारी पट्टा पुसायला थांबवतात. तेव्हा ती कमानीपाशी गेली. आम्ही मागे उभ्या. तिने हात पुढे केले आणि तळवे खाली वळवले. "थांब," ती म्हणाली. "गंज चढो तुला. पुढ्यात आलेलं माघारी फिरो." आमीन एकट्या साकिपजमालने म्हटलं.

पट्टा सुरू झाला, आणि थोड्याच वेळात बंद पडला! बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. साकिपजमालने आपायच्या गालाचा मुका घेतला. आपाय मात्र भिंतीला टेकून पांढरीफटक उभी होती. मेकॅनिक आला, सूर्यफुलाच्या बिया चघळत. कुणा आजीने जुन्या पद्धतीने कापडात शिवून पाठवलेलं पार्सल कमानीखाली अडकलं होतं. त्याने ते उपसून बाजूला फेकलं, बटण दाबलं, आणि घरघर पुन्हा सुरू झाली.

सण झाला आणि मेदेतने सगळ्यांना गोळा केलं. यंत्राचं काम इतकं झकास चाललंय, की त्याच्या जोडीला दुसरा पट्टा येतोय. निम्म्या बायकांनी पुढच्या महिन्यापासून यायचं नाही. साकिपजमाल गेली, मी गेले. आपाय राहिली. बाहेर पडताना साकिपजमालने तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

माझा पगार बंद झाला तशी माझी पोरगी अक्बोता कोरियाला निघाली. कामाला, तिथल्या पार्सलांच्या गोदामात. रडावं की हसावं कळेना. निघायच्या सकाळी मी तिला आपायकडे घेऊन गेले. त्या शापानंतर वस्तीत तिच्याबद्दल कोण काय म्हणतं त्याची मला पर्वा नव्हती. माझ्या पोरीला आशीर्वाद हवा होता आणि तो तिचाच हवा होता.

अक्बोता समोर बसली आणि तळहात पसरले. आपायने माझ्याकडे पाहिलं, उठून मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"मी सरळ दिला त्याचं उलटं झालं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "उलटा दिला तर एकाचे दोन झाले. आता तुझ्या पोरीसाठी तोंड उघडलं तर काय होईल, मला नाही माहीत गं. मला भीती वाटते."

"आपाय, पोरगी परमुलखात चाललीय. काहीतरी बोल."

तिने नकारार्थी मान हलवली. बाहेर आलो तर अक्बोता तशीच तळहात पसरून बसलेली. आपायने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि हळूच मिटवून टाकले. "थंडी आहे तिकडे," ती म्हणाली. "मोजे घालत जा."

विमानतळाच्या बसमध्ये अक्बोता पुन्हापुन्हा विचारत होती, "आई, आजी माझ्यावर रागावलीय का? मी काय केलं?" मी तिच्या पिशवीतून मोजे काढून तिच्या हातात दिले.