दाजींचे किलोमीटर

आमच्या दाजींइतका रस्त्यांचा छळ केलेला माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लढाईत ते इटलीत लष्कराची लॉरी चालवत होते. तिथल्या रस्त्याकडेच्या दगडांवर किलोमीटर लिहिलेले असत. लढाई संपली, पलटण सुटली आणि दाजी काष्टीजवळच्या आपल्या वस्तीवर परतले ते घडीची एक लाकडी मीटरपट्टी कमरेला खोचून. त्या दिवसापासून मैल, फर्लांग आणि कोस त्यांच्यापुरते मेले.

बाजाराला पाच मैल चालून आले की ते "आठ किलोमीटर आलो" म्हणत. आम्हीही तेवढंच चालायचो, पण आमचे पाचच भरायचे. किलोमीटरचं हे एक बरं असतं. पाय तेवढेच दुखतात आणि मोठेपणा जास्त मिळतो. पारावर बसून ते शिकवणी घ्यायचे. "हजार मीटर झालं की किलोमीटर. सरळ हिसाब. तुमच्या मैलात आठ फर्लांग, फर्लांगात दोनशेवीस वार, वारात तीन फूट. ह्यो काय हिसाब हाय व्हय?" म्हणणं बिनतोड होतं. पण बिनतोड बोलणारा माणूस रोज पारावर भेटायला लागला की लोक वाट बदलतात. बहीण म्हणायची, "लोकं लढाईवरनं घड्याळं घिऊन आली. ह्यांनी पट्टी आनली."

एकदा काष्टीच्या बाजारात त्यांनी कापडवाल्या चाचांकडे सदऱ्याला तीन मीटर कापड मागितलं. चाचांनी आपले नेहमीचे तीन गज, म्हणजे तीन वार, मोजून फाडलं. दाजींनी तिथंच पट्टी उलगडून वीतभर कमी भरल्याची तक्रार केली. चाचा शांतपणे म्हणाले, "फौजीसाहेब, माझा गज आखूड न्हाई, तुमची पट्टी लांब हाय." दाजींनी त्याच कापडाचा सदरा शिवला आणि त्याच्या तोकड्या बाह्या पुराव्यादाखल महिनाभर गावाला दाखवल्या.

इथवर ठीक होतं. मग भाचीला पाथर्डीकडचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, घरची विहीर बारमाही. बहिणीचा सारा जीव त्या स्थळात अडकला होता. मुलगी माझ्या नगरच्या घरी दाखवली, पसंतही पडली. उठता उठता मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "काष्टीच्या टेसनापासून वस्ती किती लांब?"

"आठ किलोमीटर," दाजी ताठ बसून म्हणाले.

म्हाताऱ्यानं किलोमीटर जन्मात ऐकला नव्हता आणि चारचौघांत विचारायची लाज वाटली. घरी जाऊन त्यानं आपल्या परीनं अर्थ लावला. आपला कोस दोन मैलांचा. गोऱ्या साहेबाचं सगळंच आपल्यापेक्षा मोठं, तेव्हा हा त्याचा कोस त्याहूनही मोठाच असणार. आठवड्याभरात निरोप आला, की असले आठ कोस बैलगाडीतून वऱ्हाड नेणं आम्हांला झेपायचं नाही, मुलीसाठी दुसरीकडे बघा.

बहिणीनं दाजींशी बोलणं टाकलं. मी मात्र बोललो. "दाजी, पोरगी उजवायची आहे की किलोमीटर?" चौथ्या दिवशी ते मला घेऊन पाथर्डीकडे निघाले. म्हाताऱ्यासमोर बसून, मान खाली घालून म्हणाले, "पाव्हणं, टेसनापासनं आमची वस्ती अडीच कोस हाय."

"मंग तवाच का न्हाई सांगितलं?" म्हाताऱ्यानं विचारलं. परतीच्या वाटेवर मी त्यांना मनसोक्त टोमणे मारले. त्याची आज मला लाज वाटते.

लग्न झालं. पोरीला आणि पाहुण्यांना आगगाडीत बसवून आम्ही काष्टीच्या फलाटावर उभे राहिलो. गाडी दिसेनाशी झाली तशी बहिणीनं डोळे पुसत किती तरी दिवसांनी दाजींना आपणहून विचारलं, "तिचं गाव हितनं किती लांब पडतं वो?"

दाजींना ते फर्लांगासकट ठाऊक होतं. किलोमीटरनं एकशे तेरा, मैलानं सत्तर. मी ओठांवर थट्टा तयार ठेवून वाट बघत होतो.

"पस्तीस कोस," ते म्हणाले.

"पस्तीसच? मंग लई न्हाई."

"न्हाई, लई न्हाई," दाजी म्हणाले, आणि मी बैलगाडी जुंपायला पुढं गेलो.