हरकत असल्यास कळवावे

माझ्या बायकोच्या मामांइतका परवानगी मागणारा माणूस रत्नागिरीत तर नाहीच, पण जगात जिथे म्हणून दोन घरांमध्ये गडगा आहे तिथे कुठेही सापडणार नाही. घराला रंग द्यायचा ठरला की मामा छटांचा कागद घेऊन शेजाऱ्यांकडे जाणार, कारण "भिंत आपली असली तरी दिसते त्यांना." कुत्रा आणला तेव्हा त्याला घरोघरी नेऊन त्यांनी ओळख करून दिली. एका घरी तो चावला, पण आधी कळवून चावला, याचं मामांना समाधान होतं. फणसाची फांदी तोडायची, तर तिची सावली ज्याच्या खळ्यात पडते त्याचं मत आधी. वर्तमानपत्रात कुणी वाचू नये अशा बेताने छापलेल्या जाहीर नोटिसा पाहिल्या की ते म्हणत, "ह्याला कळवणं म्हणतात होय? ह्याला लपवणं म्हणतात."

मुंबईत नोकरीला असलेला त्यांचा मुलगा बायकामुलांसह कायमचा परत यायला तयार झाला, तेव्हा कौलं उतरवून वर मजला चढवायचं ठरलं. खाली एवढ्या माणसांना जागा नव्हती. मजला झाला तर तो येणार, नाहीतर नाही, इतका सरळ हिशेब होता. नगरपरिषदेतला कारकून नकाशा बघून म्हणाला, "काका, चारी बाजूंनी अंतर सोडलंयत. शेजाऱ्यांना कळवायची गरज नाही."

"गरज तुम्हाला नाही हो," मामा म्हणाले. "मला उद्या गडग्यापलीकडे तोंड दाखवायचंय."

मग नकाशाची सुरळी बगलेत मारून स्वारी निघाली. डावीकडच्या मास्तरांनी जिना फिरवला. समोरच्यांनी न्हाणीघराची दिशा चुकल्याचं सांगून चहाबरोबर शास्त्रही पाजलं. आळीत एक फेरी होईपर्यंत त्या नकाशात मामांचं असं फक्त आडनाव उरलं होतं. तरी हरकत कुणाचीच नव्हती.

राहिल्या मागच्या घरातल्या वहिनी. एकट्या असतात, दुपारभर पडवीत बसून असतात. त्यांनी नकाशाकडे पाहिलंच नाही.

"भाऊ, तुमच्या कौलांवरनं समुद्राचा वारा येतो माझ्याकडे. मजला झाला की बंद होईल ना हो?"

"होईल," मामा म्हणाले. खोटं बोलणं हा उपाय त्यांना त्या वेळी सुचला नाही, नंतरही सुचला नसता.

"मग नका बांधू," वहिनी म्हणाल्या, आणि लगेच, "कोकम घेणार?"

दुसरा कुणी असता तर सरबत पिऊन मजला बांधता झाला असता. विचारणं हा आपल्याकडे शिष्टाचार असतो. समोरच्याने 'छे छे, बांधा हो' म्हणायचं असतं. मामा मात्र उत्तर ऐकायच्या तयारीनेच विचारत. घरी येऊन त्यांनी नकाशा कपाटावर टाकला आणि मुलाला फोन करून काम रद्द झाल्याचं कळवलं. नंतर त्याने तिकडेच मोठी जागा घेतली. आता गणपतीला येतो, चार दिवस राहतो, जातो.

परवा मी धीर करून म्हटलं, "मामा, वहिनींना विचारलंच नसतं तर?"

"तर पोरगा इथे असता," ते सरळ म्हणाले. त्याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ दिसला नाही. मग थोड्या वेळाने, चष्मा पुसत म्हणाले, "गेल्या गणपतीत तो मला काय म्हणाला माहित्येय? 'बाबा, बांधायचं होतं तेव्हा सगळ्या आळीला विचारलंत. नाही बांधायचं ठरवलंत, तेव्हा मला विचारलंत का?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? तो घरचा ना. घरच्या माणसाला कोण विचारतं?" एवढं बोलून ते थांबले, आणि मी खरंच काहीतरी उत्तर देईन म्हणून माझ्याकडे बघत राहिले.