दुसऱ्याच्या आडनावाने समुद्रावर

मुलं लहान होती तेव्हा, ऐंशी सालानंतरच्या एका मे महिन्यात, आम्ही चौघं नाशिकहून बोर्डीला समुद्र बघायला गेलो. मुलगी दुसरीत होती, मुलगा चार वर्षांचा. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत असे आणि हे सरकारी कचेरीत कारकून होते. समुद्र मी त्याआधी एकदाच पाहिला होता, लहानपणी, दादरला, सहा डिसेंबरच्या गर्दीत. त्या दिवशी तिथे समुद्राकडे बघायला कुणी जात नाही. त्यामुळे तो मागे कुठेतरी होता एवढंच आठवत होतं.

ह्यांच्या शेजारच्या टेबलावर काम करणारे एक मित्र होते. त्यांचं आडनाव असं की ऐकल्यावर जात वेगळी विचारावी लागत नाही. आमचंही तसंच, फक्त उलट्या बाजूने. मित्राच्या मेहुण्याची बोर्डीत ओळख होती. तिथे एक विधवा बाई चिकूच्या वाडीतल्या आपल्या घरातली बाहेरची खोली सुट्टीत पाहुण्यांना देत असे. मित्राने निरोप पाठवला आणि ह्यांना म्हणाले, "काही काळजी करू नका. आमच्या घरचीच माणसं येतायत असं सांगितलंय."

हे घरी येऊन मला हे वाक्य सांगत होते तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. घरचीच माणसं म्हणजे काय? पण मुलांनी कपडे भरायला घेतले होते.

त्र्यंबक, जव्हार करत एसटी डहाणूला पोचेपर्यंत मुलगा दोनदा ओकला. तिथून दुसरी गाडी. वाडीच्या फाटकाशी एक उंच, काटक बाई नऊवारीचा काष्टा सावरत उभी होती. ह्यांना पाहून तिने हाक मारली ती मित्राच्या आडनावाने. "या या, कधीची वाट बघतेय!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी बॅग खाली ठेवली, रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "हो, उशीर झाला जरा. घाटात गाडी तापली."

एवढंच. पुढे काही नाही.

खोलीत गेल्यावर मी हळूच म्हटलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगू ना. आल्या आल्या काय सांगायचं?"

"मग कधी?"

"अगं, मुलांना आधी पाणी तर दे."

नाशिकला आम्ही लग्नानंतर भाड्याची खोली शोधत होतो तेव्हाची गोष्ट मला आठवली. घरमालक खोली दाखवायचे, नळ किती वाजता येतो ते सांगायचे, आणि निघताना सहज विचारायचे, "आडनाव काय म्हणालात?" मग त्यांना आठवायचं की पुतण्या शिकायला येणार आहे. शेवटी आम्ही आमच्याच लोकांच्या कॉलनीत राहायला गेलो. तिथे कुणाचा पुतण्या आड येत नसे. त्या अनुभवानंतर मला एक सवय लागली होती. कुणी गोड बोललं की मी आधी त्यामागचा प्रश्न शोधायची.

आता इथे तर प्रश्न विचारायचीही गरज उरली नव्हती. उत्तर आधीच दिलेलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

संध्याकाळी आम्ही वाडीच्या मागच्या वाटेने सुरूच्या झाडांतून किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. पाणी लांब गेलेलं आणि वाळू ओल्या शेणाच्या सारवणासारखी गुळगुळीत. मुलगा थांबून बघत राहिला.

"बाबा, हे गंगापूर धरणापेक्षा मोठंय?"

"खूप मोठं."

"मग आपली गंगा इथेच येते का?"

"नाही रे, आपली गोदावरी पार तिकडे जाते, दुसऱ्या समुद्राला."

"म्हणजे हा आपला समुद्र नाही?" त्याचा चेहरा इतका पडला की हे मोठ्याने हसले. ह्यांना असं हसताना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी वाटलं, हा माणूस इतका मोकळा झालाय तो समुद्रामुळे, की त्या दुसऱ्या आडनावामुळे?

पुढचे दिवस मी असेच घालवले. एक डोळा मुलांवर, एक त्या बाईवर. आम्ही तिला काकू म्हणायला लागलो होतो. काकू जेवण ओसरीवर वाढत. ओसरीवरच का, आत का नाही? दुपारी आम्ही आडवे झालो की खिडकीबाहेर पाचोळा वाजायचा. मी मान वर करून पाहिलं तर काकू तिथून हळूच निघून जाताना दिसायच्या. एकदा त्या आपल्या खोलीच्या दाराला कुलूप लावून वाडीत गेल्या. पहिल्या दिवशी कुलूप नव्हतं, हे मला पक्कं आठवत होतं.

सगळ्यात जास्त धास्ती मला मुलीची होती. तिला नुकतंच जोडाक्षरांसकट लिहिता यायला लागलं होतं आणि ती आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, आडनावासह, कुणालाही सांगायची. काकूंशी तिची लगेच गट्टी जमली. दोघी चिकूच्या झाडाखाली बसून काहीतरी बोलत असायच्या आणि मी गेले की गप्प व्हायच्या.

"काय विचारत होत्या गं काकू?"

"काही नाही. आपल्या घरी गाय आहे का विचारत होत्या."

"अजून?"

"बाबा काय करतात."

"अजून?"

"आई, तू शाळेतल्यासारखं नको ना विचारू."

मी ह्यांना म्हटलं, "पोरीला काय सांगायचं? नाव विचारलं तर खोटं सांग म्हणू?"

हे चटकन म्हणाले, "छे! तसलं काही शिकवायचं नाही."

"मग तुम्ही काय शिकवताय?"

हे उठले. टॉवेल खांद्यावर टाकून मुलाला घेऊन पाण्याकडे गेले. मी त्या मित्राचाही विचार करत राहिले. आमचं आडनाव सांगायला ते विसरले, की त्यांनी ठरवून टाळलं? हे त्यात सामील होते का? नवऱ्यावर संशय घेताना तोंडात एक कडवट चव येते. तीच घेऊन मी वाळूत बसून होते.

एका संध्याकाळी मुलीने खेळायची जागा बदलली. ओल्या वाळूवर तिने काठीने मोठमोठी अक्षरं काढायला सुरुवात केली. एकेक अक्षर बैलगाडीएवढं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. काढून झाल्यावर ती मागे सरकून कौतुकाने बघत होती. तेवढ्यात मला काकू दिसल्या. सुरूच्या झाडांतून सरळ आमच्याकडेच येत होत्या.

मी उठले. माझा पाय त्या आडनावाच्या पहिल्या अक्षरावर पडणार, एवढ्यात पोरगी किंचाळली, "आई, पाय नको देऊ! माझं नाव आहे ते!"

मी पाय तसाच अधांतरी ठेवला आणि मागे घेतला.

काकू आल्या. कमरेवर हात ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत त्यांनी ते नाव वाचलं. त्यांचे ओठ हलत होते. हे मुलाला घेऊन गुडघाभर पाण्यात उभे होते, तिथूनच बघत होते.

"अक्षर छान आहे हो तुझं," काकू मुलीला म्हणाल्या. आणि तशाच पुढे किनाऱ्याने चालत गेल्या.

रात्रीचं जेवण नेहमीसारखं झालं. आमटी, भात, तळलेला बोंबील. पण मला प्रत्येक हालचालीत काहीतरी दिसत होतं. आज भात जरा उंचावरून वाढला का? आज आग्रह केला नाही का? ह्यांच्याशी बोलताना आडनाव घेतलं नाही, हे मात्र नक्की.

सकाळी मी कळशी घेऊन विहिरीवर गेले. रोज मीच पाणी शेंदून आणत असे. आज काकू आधीच तिथे उभ्या होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "तू नको काढूस. मी घालते पाणी."

 माझ्या आजीच्या गोष्टींतली विहीर मला आठवली. लांब उभं राहायचं, ओंजळ पुढे करायची, वरून कुणीतरी घालेल तेवढं घ्यायचं. आजीला जे म्हणता आलं नव्हतं ते मी म्हटलं.

"इतके दिवस मीच काढत होते. आज काय झालं, काकू?"

काकूंनी मला रहाटाजवळ बोलावलं आणि दोरीचा मधला भाग हातात धरून दाखवला. पीळ सुटून तंतू उभे राहिले होते. "संध्याकाळी लक्षात आलं. तू वाकून काढतेस आणि ते लहान पोर तुझ्या पदराला धरून उभं असतं. दोरी तुटली तर तोल जाईल. मला ह्या दोरीची सवय आहे."

दोरी खरंच झिजलेली होती. पण आता मी बोलायला लागले होते, थांबणं शक्य नव्हतं.

"काकू, आमचं आडनाव तुम्ही म्हणता ते नाही."

"ठाऊक आहे."

"काल वाळूवर वाचलंत म्हणून."

"काल कशाला? तुझ्या लेकीने पहिल्याच दिवशी सांगितलं. आडनावासकट."

मी कळशी खाली ठेवली. "मग तुम्ही त्याच नावाने हाका का मारत होतात?"

"तुम्ही ओ देत होतात म्हणून." त्यांनी पोहरा आत सोडला. "मला वाटलं, तुम्हाला तेच हवं असेल. आणि खरं सांगू? मी घाबरले होते. एक नाव निरोपात, दुसरं पोरीच्या तोंडी. कोण माणसं घरात घेतली मी? पळून आलेली आहेत, की चोर आहेत? दोन दिवस खिडकीशी येऊन कानोसा घेत होते. कुलूप लावायला लागले. मग बघितलं, दोन्ही पोरांची नाकं बापावर गेलीत. म्हटलं, चोर असतील, पण नवराबायको तरी आहेत."

मला हसू येत होतं आणि येऊही नये असं वाटत होतं.

"आणि आमची जात?" मी विचारलं.

काकूंनी दोरी ओढली. पोहरा वर आला, त्यांनी कळशी भरली. मग म्हणाल्या, "माझ्या सासूने तुम्हाला ओसरीवर चढू दिलं नसतं. मी तशी नाही. पण स्वयंपाकघरात मी कुणाला घेत नाही. तुम्हालाच असं नाही, पण तुम्हालाही नाही. आता खोटं कशाला बोलू?"

मी कळशी उचलली आणि खोलीत आले. ह्यांना सगळं सांगितलं. हे कॉटवर बसून राहिले. मुलगा ह्यांच्या पाठीवर चढायला बघत होता.

"मुद्दाम नव्हतं केलं," हे म्हणाले. "फाटकाशी त्या नावाने हाक आली आणि तोंडातून हो गेलं. मग वाटलं, राहू दे. चार दिवस कुणी काही विचारू नये, एवढंच वाटलं गं."

मला ह्यांच्यावर रागवायचं होतं. पण ते किनाऱ्यावरचं हसणं डोळ्यांसमोर आलं आणि राग नीट जमेना.

त्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या वाडीतली एक बाई पानात बांधलेले ताडगोळे घेऊन आली. मुलगा पुढेच होता, तिने ते त्याच्यासमोर धरले आणि काकूंना विचारलं, "पाहुणे कुठले?"

"नाशिकचे."

"कोण?"

काकूंनी आमचं आडनाव सांगितलं. स्पष्ट, जरा मोठ्यानेच.

बाईचा पुढे आलेला हात थांबला. मग तिने ताडगोळे मुलाला न देता ओसरीच्या कडेवर ठेवले, चुलीवर काहीतरी आहे म्हणाली आणि गेली. काकूंनी पान उचललं, सोडलं आणि मुलाच्या हातात दिलं. "तिच्या चुलीवर नेहमीच काहीतरी असतं," एवढंच त्या म्हणाल्या. मुलाने पहिला ताडगोळा तोंडात घातला, त्यातलं पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं, आणि तो दुसऱ्याला हात घालायला लागला.

नाशिकला परतल्यावर ह्यांनी कचेरीत मित्राला सरळ विचारलं. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा ह्यांचा आवाज अगदी शांत होता. मित्राने ठरवूनच नाव सांगितलं नव्हतं. म्हणाले, "बाई कशी असेल याची मला खात्री नव्हती. तुमची सुट्टी फुकट जाऊ नये म्हणून केलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पुढच्या वेळी माझं नाव सांगा. सुट्टी फुकट गेली तर माझी जाईल."

पुढच्या काही वर्षांत आम्ही दोनदा परत गेलो, आमच्या नावाने. काकूंनी दोन्ही वेळा फाटकाशी तशीच वाट बघितली. काकू मला कधी आत ये म्हणाल्या नाहीत आणि मीही कधी उंबऱ्यापाशी रेंगाळले नाही. जाता येता, हात कुठे आखडतो का म्हणून, मी त्यांच्या हातांकडे बघायची आणि त्याही माझ्याकडे बघायच्या. मुलं मात्र खारे पाय घेऊन धावत येत, सरळ आत स्वयंपाकघरात शिरत आणि खोबऱ्याच्या वड्या मागत. काकू ओरडायच्या त्या फक्त वाळूसाठी.