कोनांच्या गोडाऊनातला शहाजी

शहाजी कणसे चौदा वर्षं महाप्याच्या एका कारखान्यात फॅन्सी धाग्याच्या मशीनवर होता. पॉलिस्टरची गुळगुळीत तार घ्यायची आणि तिचा कड्याकड्यांचा खडबडीत धागा करायचा, हे त्याचं काम. एक तार ताणून धरायची, दुसरी जास्त वेगानं सोडायची. ती ढिली पडून तिच्या कड्या होत आणि तिसरी बारीक तार भोवती फिरून त्या कड्या बांधून टाकी.

खात्यात मशिनींचा एवढा गोंगाट की कानाशी ओरडलं तरी कळायचं नाही. सगळे हातवाऱ्यांनी बोलत. शहाजीला तर नुसते ओठ हलले तरी पुरे. शेजारच्या मशीनवरचा नामा खाडीकाठच्या गावचा. तो रोज त्याची टर उडवायचा, आणि शहाजीही त्याला सोडायचा नाही. त्या गोंगाटात शहाजीचे कान कधी गेले, ते कुणालाच कळलं नाही. त्याला मात्र कळलं होतं. नेरूळच्या खोलीत स्टोव्ह पेटलेला दिसायचा, ऐकू यायचा नाही.

बायको वेणूबाई कोरेगावाकडं गावी, अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी. घरी लोक पाठमोरे बोलत, अंधारात बोलत. शहाजी भलतंच उत्तर देई आणि हसं होई. मग त्यानं बोलणं सोडलं, पुढं गावी जाणंही. ‘काम फार आहे’ एवढंच कार्डावर लिहून टाकायचा.

पंच्याण्णव साली कारखान्यात कान तपासायला डॉक्टर आले आणि बिंग फुटलं. साहेब भला माणूस. समोर येऊन सावकाश म्हणाला, “शहाजीराव, आता गोडाऊन सांभाळा. आराम आहे.”

आराम होता खरा. धागा गुंडाळलेल्या कोनांची छतापर्यंत खोकी, आणि दोन पोरगेलेसे कारकून वहीत डोकं खुपसून एकमेकांशी बोलायचे. त्यांचे ओठ दिसत नसत. चहा आला की कप त्याच्यापुढं सरकवायचे, बस. गोंगाटात असताना तो चारचौघांतला होता. शांततेत आला आणि एकटा पडला.

एकदा गिऱ्हाइकाकडून कोन परत आले. धाग्यातल्या कड्या सरकत होत्या. सगळ्यांनी नव्या तारेला दोष दिला. शहाजीनं धागा चिमटीतून ओढून पाहिला. दर हातभर अंतरावर कडी ढिली, अगदी मोजून मापून. तार खराब असती तर कुठंही सुटली असती. म्हणजे काहीतरी फिरणारं झिजलंय.

न विचारता तो खात्यात शिरला आणि तार ओढणाऱ्या एकेका रोलरपाशी तळवा टेकवून थरथर अजमावत गेला. अकराव्यापाशी थांबला. मेकॅनिकनं तो उघडला, तर एका बाजूला खाच. नामानं त्याला कवेत घेऊन उचललंच. साहेबांनी पाठ थोपटली, आणि अर्ध्या तासानं शहाजी पुन्हा खोक्यांमध्ये होता.

त्या दिवशी त्याला कुणाला तरी हे सांगावंसं फार वाटलं. त्यानं कार्ड लिहिलं, ‘ये.’

सासूला नणंदेवर सोपवून वेणूबाई आली. स्टोव्हजवळ बसून, तोंडाला पदर लावून ती बराच वेळ बोलत राहिली. शहाजी सवयीनं मान डोलवत होता. एकाएकी ती रडायला लागली.

तो घाबरला. “वेणू, त्यो पदर काढ तोंडावरचा. मला ऐकू येत न्हाई. लई वर्सं झाली.”

ती बघतच राहिली. मग पदर सोडून सावकाश म्हणाली, “आत्ता मी काय इचारलं, कळलं तुमास्नी?”

“न्हाई.”

“हितं तुमची दुसरी कुणी हाय का, आसं इचारलं. आन् तुमी व्हय म्हनून मान हलवलीसा!”

तो आधी हसला, मग त्याचे डोळे भरले. “बहिऱ्याला तू हसशील म्हनून...”

“मी हसते व्हय? पाच वर्सं मला वाटत हुतं, मी नकुशी झाले.”

मग त्यानं तिला रोलरची हकिकत सांगितली. त्याचा आवाज नको इतका मोठा झाला होता. शेजारीण डोकावून गेली. वेणूबाईनं त्याला थांबवलं नाही.

आठ दिवसांनी तिला जावंच लागलं. नणंद सासरी परतली की म्हातारीला दुसरं कोण? शहाजी पनवेलच्या स्टँडवर तिला एसटीत बसवून आला. पुढं तो महिन्याला एक खेप गावी जाऊ लागला. घरात आता सगळे त्याच्यासमोर बसून बोलत. मधले दिवस मात्र गोडाऊनच होतं. कामाआधी दहा मिनिटं तो खात्याच्या दाराशी उभा राहायचा. नामा आतून हात करायचा, आणि मशिनी सुरू झाल्या की शहाजी निघून जायचा.